नॅनच्या गल्लीत परत: डर्बीशरमधले पाच दिवस

पहिला दिवस, मंगळवार

आई आता ८३ वर्षांची आहे, त्यामुळे लंडनला असलेल्या माझ्या लेकीने "आजीला घेऊन ये, या ऑगस्टात चेस्टरफिल्ड बघूनच येऊ" म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले, एवढा लांबचा प्रवास, गुडघे, बीपी सगळं डोळ्यासमोर आलं. पण आईनेच माळ्यावरची बॅग काढायला लावली. बाबा १९७० साली ज्युनिअर डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले, मी तेव्हा ५ वर्षांची, डर्बीशरमधल्या चेस्टरफिल्डच्या हॉस्पिटलात त्यांना नोकरी मिळाली आणि १९७७ ला आम्ही पुण्याला परत येईपर्यंत तेच आमचं गाव होतं. म्हणजे कळायला लागल्यापासूनचं माझं सगळं लहानपण तिथलं. बाबा गेले तेव्हापासून आईच्या मनात होतं, एकदा ती गल्ली बघायची.

सेंट पँक्रसहून गाडीने साधारण दोन तास. गाव जवळ आलं तशी आई डावीकडच्या खिडकीला अगदी चिकटून बसली आणि एकदम म्हणाली, "आला बघ." वाकडा कळस! चर्चच्या मनोऱ्यावरचं ते निमुळतं टोक, मी त्याला लहानपणापासून कळसच म्हणते. चर्चचं नाव सेंट मेरी अँड ऑल सेंट्स, पण गावात सगळे क्रुकेड स्पायरच म्हणतात आणि गावच्या फुटबॉल टीमला स्पायराइट्स. २२८ फूट उंच, पिळलेल्या ओल्या कपड्यासारखा ४५ अंशात वळलेला आणि मूळ जागेपासून ९ फूट ६ इंच कललेला. चौदाव्या शतकातलं काम आहे हे. लाकूड ओलं, न मुरलेलं ओकचं, आतून तिरके टेकू पुरेसे नाहीत, आणि वरून ३३ टन शिशाचे पत्रे. १३४८-४९ च्या ब्लॅक डेथमध्ये, म्हणजे प्लेगच्या साथीत, कसबी सुतार मेले म्हणून असं झालं असंही सांगतात, शिवाय दक्षिणेकडचं शिसं उन्हाने जास्त तापून फुगतं ते वेगळंच. पण हे मी मोठी झाल्यावर वाचलं. आमच्या शेजारच्या नॅनने मला सांगितलेलं असं, की बोल्सोव्हरच्या लोहाराने सैतानाच्या खुराला नाल ठोकताना खिळा मांसात घुसवला आणि तो कळवळून उड्या मारत पळाला तेव्हा त्याची लाथ कळसाला बसली. मला अजूनही तीच गोष्ट खरी वाटते.

स्टेशनबाहेर आता रेल्वेवाल्या जॉर्ज स्टीफन्सनचा पुतळा आहे, आमच्या वेळी नव्हता. म्हातारपणी तो इथल्या टॅप्टन हाउसमध्ये राहायचा, काकड्या सरळ वाढाव्यात म्हणून त्याने काचेच्या नळ्या करून घेतल्या होत्या, १८४८ ला इथेच गेला आणि इथल्याच होली ट्रिनिटी चर्चमध्ये पुरलाय. आपली बोरीबंदर-ठाणे लाइन बांधणारा चीफ इंजिनिअर बर्कली हा त्याच्या मुलाच्या, रॉबर्टच्या हाताखाली तयार झालेला. परळला त्याच लाइनच्या कडेला आईची चाळ होती, त्यामुळे पुतळ्यासोबत तिने फोटो काढून घेतला.

दुसरा दिवस, बुधवार

सकाळी गल्लीत. लाल विटांची एकमेकांना चिकटलेली घरं, दार उघडलं की थेट फुटपाथ. आमचं घर आणि शेजारचं नॅनचं. नॅन म्हणजे काही आमची नात्यातली कोणी नाही, त्यांची नातवंडं त्यांना नॅन म्हणायची म्हणून आम्ही पण. मिस्टर कोळशाच्या खाणीत. आईने इंग्लंडमधल्या पहिल्या सकाळी खिडकीतून पाहिलं तर या बाई गुडघ्यावर बसून दाराची पायरी दगडाने घासत होत्या, आणि आईला वाटलं अरे ही तर आपल्याकडे सडा घालतात तसंच करतेय, आणि तिची भीती तिथेच अर्धी गेली. मग नॅनने मान वर करून हाक मारली, "एय अप मी डक!" त्या भागात सगळ्यांना डक म्हणतात, भाजीवाला, बसवाला, नर्स, सगळे. बाळा म्हणावं तसं. आईला इंग्लिश जेमतेम यायचं पण हे तिला बरोबर कळलं.

दार आता राखाडी रंगाचं आहे, तेव्हा हिरवं होतं. आम्ही बेल नाही वाजवली. नॅन १९९० च्या सुमारास गेल्या, त्यांच्या मुलीचं पत्र आलं होतं. आई पायरीकडे बघत उभी राहिली आणि मग पिशवीतून डबा काढला. मला माहीतच नव्हतं तिने तो आणलाय! स्नॅप टिन. खाणकामगार जेवणाला स्नॅप म्हणायचे आणि हा त्याचा पत्र्याचा डबा, बरोबर ब्रेडच्या स्लाइसच्या आकाराचा, एका बाजूने गोल, दोन भाग एकात एक सरकतात, खाली उंदीर खातात म्हणून असा घट्ट. नॅनने आम्ही निघताना मिस्टरांचा जुना डबा आईला दिला होता, आणि पुण्यात गेली ४७ वर्षं त्यात सुया, रिळं, बटणं राहतायत. आईने तो पायरीवर ठेवला, मिनिटभर, आणि परत उचलला.

जानेवारी १९७४ मला चांगला आठवतो, खाणकामगारांनी ओव्हरटाइम बंद केलेला, कोळसा वाचवायला सरकारने कारखान्यांना तीन दिवसांचा आठवडा लावला, संध्याकाळी लाइट जायचे आणि नॅन मेणबत्ती घेऊन आमच्याकडे यायच्या, त्यांचं म्हणणं दोन मेणबत्त्या कशाला जाळायच्या.

दुपारी मार्कहॅमला, तिथल्या कोळशाच्या खाणीच्या जागी गेलो. इथे येताना माझे पाय जड झाले होते, खरं सांगते. ३० जुलै १९७३, सोमवार, शाळेला सुट्टी. सकाळी सहाच्या पुढे पहिल्या पाळीची माणसं खाली नेणाऱ्या पिंजऱ्याचा ब्रेक गेला. २९ जण होते आत. ब्रेकचा एक लोखंडी दांडा वर्षानुवर्षं ताण खाऊन आतून चिरत आला होता, तो नेमका तेव्हा तुटला आणि पिंजरा तळावर जाऊन आदळला. १८ गेले, ११ जबर जखमी. बाबा त्या सकाळी चहा अर्धा टाकून हॉस्पिटलला गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले, काही बोलले नाहीत, बूट न काढता जिन्यावर बसून राहिले. मी ८ वर्षांची होते, मला फक्त ते बूट आठवतात. नॅनच्या मिस्टरांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. तेवढ्यावर वाचले. पण गल्लीत दोन-तीन दिवस पडदे लावलेलेच होते, शोक असला की तिकडे पडदे ओढून ठेवतात.

खाण १९९४ ला बंद झाली. आता तिथे गोदामं, मोटारवे, मोठाले ट्रक. पण डकमॅनटन गावाकडे जाणाऱ्या वाटेवर १०६ पोलादी माणसं उभी आहेत, कामावरून घरी चालत निघाल्यासारखी. १९३७ च्या स्फोटातले ९, १९३८ च्या स्फोटातले ७९ आणि १९७३ चे १८. प्रत्येकावर बिल्ला, त्यावर नाव, वय आणि काम. आई दमेल म्हणून मी थोडंच चालू म्हणत होते पण ती ऐकेना, एकेक बिल्ला पदराने पुसायची, लेक नाव वाचायची, आई वय विचारायची, आणि असं करत आम्ही पाऊण तास चाललो. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, परळला मिलमध्ये होते आणि त्यांचा पितळी बिल्ला आईच्या कपाटात आहे. ती म्हणाली, "दादांच्या बिल्ल्यावर नुसता नंबर होता गं. नाव नव्हतं." नंतर गाडीत बसेपर्यंत कोणी काही बोललं नाही.

रात्री हॉटेलवर तिने पत्रांचा विषय काढला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, मामा त्यातलाच, आणि आईने नॅनला निळ्या एअरोग्रामवर ते सगळं लिहिलं होतं, भावाच्या घरी दोन वेळची पंचाईत आहे वगैरे. नॅनने उत्तरात एक पाउंडाची नोट घडी करून पाठवली. मग मार्च १९८४ ला तिकडे खाणकामगारांचा संप लागला, वर्षभर चालला, नॅनच्या मुलाच्या घरात पगार नाही, आणि आईने भावाच्या अनुभवाचे बोल म्हणून लिहिलं की आधी दागिना विकू नका, आधी उधारी वाटून घ्या, म्हणजे एकाच दुकानदारावर बोजा पडत नाही. दोन बायका, एक चेस्टरफिल्डची एक परळची, एकमेकींना संपात घर कसं चालवायचं ते कळवत होत्या. मला हे सगळं इतक्या वर्षांनी कळलं. दोन्ही संप हरले.

तिसरा दिवस, गुरुवार

क्रॉमफर्ड. इथे यायचं आईनेच ठरवलं होतं, कारण लेकीने तिला सांगितलं होतं की सगळ्या गिरण्यांचं मूळ तिथे आहे. डर्वेंट नदीच्या खोऱ्यातलं छोटंसं गाव. रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी, केसांचे टोप करून विकायचा, त्याने १७६९ ला सूत कातायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ ला इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली. या गावातच का, तर इथल्या शिशाच्या खाणींतून उपसून आलेलं पाणी जरा कोमट असतं, हिवाळ्यात गोठत नाही, म्हणजे चाक बाराही महिने फिरणार. १२-१२ तासांच्या दोन पाळ्या, रात्रंदिवस. माणसं कमी पडली तेव्हा जाहिरात दिली की भरपूर मुलं असलेली कुटुंबं पाहिजेत, कारण ७-७ वर्षांची मुलं पण कामाला. त्यांच्यासाठी १७७६ ला बांधलेली नॉर्थ स्ट्रीट अजून आहे, तीन मजली दगडी घरं, वरच्या मजल्यावर लांब खिडक्या, घरचा पुरुष तिथे उजेडात मागावर बसायचा आणि बायका-मुलं गिरणीत. आई वर बघत म्हणाली, चाळच आहे, फक्त गॅलरी नाही.

गिरणीची भिंत रस्त्याच्या बाजूने किल्ल्यासारखी, खालच्या अंगाला खिडकीच नाही. यंत्रं फोडणारे लोक येतील अशी धास्ती होती. आत पाणी, दगड, आणि ओलसर वास. तिथे ते यंत्र दाखवतात, वॉटर फ्रेम, त्यात कापसाचा पेळू एकापाठोपाठ रुळांच्या जोड्यांतून जातो, पुढची जोडी मागचीपेक्षा जोरात फिरते म्हणून तो ताणून बारीक होतो, आणि खाली चाती त्याला पीळ देते. सांगणारे गृहस्थ वयस्कर, हळूहळू बोलणारे. ते म्हणाले, पुढे याच यंत्रात सुधारणा करून थ्रॉसल नावाचं यंत्र आलं, चालताना थ्रॉसल पक्ष्यासारखा आवाज यायचा म्हणून ते नाव. लेक भाषांतर करत होती आणि आई एकदम थांबली. "काय म्हणाले? थ्रॉसल? अगं दादा त्रासन खात्यात होते!"

आजोबा त्रासन खात्यात होते हे आम्ही शंभर वेळा ऐकलेलं, आणि मला आपलं वाटायचं की त्या कामाचा त्रास व्हायचा म्हणून त्रासन. आईलाही तसंच वाटायचं. आजोबा आठवीत शाळा सोडून साताऱ्याकडून मुंबईला आले, ३५ वर्षं त्या खात्यात उभे राहिले, कापसाचा भुगा छातीत जाऊन खोकत खोकत गेले, आणि त्यांच्या खात्याचं नाव एका इंग्लिश गाणाऱ्या पक्ष्याचं होतं. आईने त्या गृहस्थांना हे सगळं सांगायला लावलं लेकीकडून, पूर्ण, परळ, भोंगा, पाळ्या, खोकला. त्यांनी टोपी काढून हातात घेऊन ऐकलं. शेवटी त्यांनी आजोबांचं नाव विचारलं आणि आईने ते सांगितलं तर त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, नीट यावं म्हणून.

दुपारी कालव्याच्या काठाने जरा फिरलो, बदकं होती, चहा प्यायलो. बस.

चौथा दिवस, शुक्रवार

ईम. लिहितात एयाम असं काहीतरी पण म्हणायचं ईम. शाळेची ट्रिप यायची इथे आमची, दुसरीत असताना मी आले होते आणि त्या रात्री झोपले नव्हते.

१६६५ च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून त्याच्याकडे कामाला असलेल्या जॉर्ज व्हिकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातलं आणि त्यातून प्लेगच्या पिसवा बाहेर पडल्या. ७ सप्टेंबरला तो पहिला गेला. हिवाळ्यात प्लेग जरा कमी झाला पण १६६६ च्या उन्हाळ्यात परत भडकला, तेव्हा तरुण रेक्टर, म्हणजे चर्चचा पाद्री, विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा काढून टाकलेला रेक्टर थॉमस स्टॅनली, म्हणजे एकमेकांशी न पटणारी दोन माणसं, एकत्र आली आणि गावाला म्हणाली की कोणी बाहेर जायचं नाही, म्हणजे शेजारच्या गावांत रोग जाणार नाही. आणि गाव थांबलं. चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर, मेलेल्यांना ज्याने त्याने आपापल्या परसात पुरायचं, आणि खाण्याचं सामान सीमेवर ठेवून जायचे बाहेरचे लोक. १४ महिन्यांत २६० माणसं गेली.

गल्लीतल्या घरांबाहेर हिरव्या पाट्या आहेत, या घरात कोण कोण राहायचं, कोण कधी गेलं, नावानिशी. अशी पाटी आणि खाली कुंडीत जिरेनियम, आत कोणाचा तरी टीव्ही चालू, माणसं राहतात त्या घरांत. आम्ही गावाबाहेरच्या रायली ग्रेव्ह्जपर्यंत गेलो, आई काठी टेकत. शेतात दगडी गोल कुंपण आणि आत हॅनकॉक कुटुंबाची थडगी. एलिझाबेथ हॅनकॉकचा नवरा आणि ६ मुलं ऑगस्ट १६६६ मध्ये ८ दिवसांत गेली, मदतीला कोणी येऊ शकत नव्हतं, तिने एकटीने खड्डे खणून एकेकाला ओढत नेऊन पुरलं. लहानपणी मला याच बाईने झोपू दिलं नव्हतं. आता मी ५९ ची आहे आणि तिथे उभं राहून मला एकच दिसत होतं, की ती संध्याकाळी घरी परत येऊन उरलेल्यांसाठी काहीतरी रांधत असणार.

आई कुंपणाच्या दगडावर बसली आणि तिच्या आजीची गोष्ट सांगायला लागली. साताऱ्याकडे प्लेग आला की उंदीर पडायला लागायचे आणि सगळं गाव घरं सोडून माळावर जायचं, झोपड्या घालायचं, दोन-तीन महिने तिथेच चुली. आपल्याकडे गाव बाहेर पडायचं, इथे गावाने स्वतःला आत कोंडून घेतलं. आजीला कोणी इथे आणलं असतं तर ती नक्की म्हणाली असती की अरे बाहेर माळ दिसतोय एवढा मोठा, मुलांना घेऊन तिकडे का नाही गेलात. मलाही हा प्रश्न पडला आणि तो आदर कमी करणारा नाही. त्यांना जे सुचलं, त्यांच्या काळात जे खरं वाटलं, ते त्यांनी मरेपर्यंत पाळलं. मॉम्पेसनची बायको कॅथरीन मुलांना आधीच बाहेर पाठवून स्वतः राहिली आणि २५ ऑगस्टला गेली, चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे. तिथे मला सावित्रीबाई आठवल्या, पुण्याच्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेलेल्या. पुण्याच्या माणसाला दुसरं कोण आठवणार.

सीमेवरचा दगड आहे त्याला ६ भोकं, त्यात व्हिनेगर भरून पैसे ठेवायचे, रोग जाऊ नये म्हणून. अजून येणारेजाणारे नाणी टाकतात, आईने पण टाकलं.

आणि मग परत येताना, हे मात्र ठरवलेलं नव्हतं, एका शेडमध्ये बायका वेल ड्रेसिंगचं काम करत बसल्या होत्या. डर्बीशरमध्ये गावच्या पाण्याच्या जागा, विहिरी, झरे, फुलांच्या चित्रांनी सजवतात, ईमला ते ऑगस्टच्या शेवटी. मोठ्या लाकडी चौकटीला खिळे मारलेले, ती पाण्यात भिजवून ठेवायची, मग त्यावर मीठ घातलेली मऊ चिकणमाती लिंपायची, चित्राच्या रेषा अल्डर झाडाच्या बारक्या काळ्या बोंडांनी काढायच्या आणि आत पाकळ्या भरायच्या. फक्त निसर्गातलं, रंग वगैरे काही नाही. आई दारात थांबली आणि हलेचना. एका बाईंनी खुर्ची सरकवली, "कम इन, मी डक," आणि आईच्या डोळ्यांत पाणीच आलं, ४७ वर्षांनी ऐकलं तिने ते.

त्यांनी आईला हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्यांचं ताट दिलं. आईने रांगोळीच्या सवयीने वरून सुरुवात केली तर त्या बाई म्हणाल्या, नाही, खालून. खालची ओळ आधी, मग त्यावर थोडी चढवून वरची, म्हणजे पाऊस आला तर पाणी पाकळीवरून पाकळीवर ओघळून जातं, आत मुरत नाही. आई म्हणाली, "कौलं शाकारतात तशी!" आणि कामाला लागली. अंगठ्याने मातीत पाकळीची वरची कड दाबायची, खालची मोकळी. तिची बोटं वाकडी झालीत संधिवाताने पण दीड तास ती उठली नाही, आकाशाचा एक तुकडा, हाताच्या दोन पंजांएवढा, तिने एकटीने भरला. मी नुसती पाकळ्या खुडून देत होते. निघताना त्या बाईंनी तिला विचारलं नाव काय, आणि भिंतीवरच्या वहीत, ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांच्या यादीत, आईने स्वतः मराठीत लिहिलं.

पाचवा दिवस, शनिवार

रात्रभर पाऊस. आई तीनदा उठून खिडकीपाशी गेली.

सकाळी आधी एडन्सरला गेलो, चॅट्सवर्थ वाड्याच्या मालकाने, डेव्हनशरच्या ड्यूकने, १८३८ च्या पुढे हलवून नव्याने बांधलेलं गाव, प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचं, सुंदर आहे खूप, पण आईचं लक्ष नव्हतं. बेकवेलला पुडिंग खाल्लं, खाली पफ पेस्ट्री, मधे जॅम, वर बदाम-अंड्याचं, आणि ते टार्टपेक्षा वेगळं आहे हे तिथले लोक फार कळकळीने सांगतात. पाच कमानींचा जुना पूल बघितला. आई सारखी घड्याळ बघत होती म्हणून बारालाच निघालो.

ईमला चौकट उभी केलेली होती, पुढे माणसं, मुलं, छत्र्या. मातीच्या कडा जरा भिजून काळ्या पडलेल्या. आई गर्दीतून वाट काढत अगदी पुढे गेली, चष्मा पुसला, आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यातला आपला निळा तुकडा शोधला. पाकळ्यांवर थेंब होते. तिने बोट न लावता, हवेतच, एकेक ओळ खालून वर मोजली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एकही सुटली नाही गं."